हृदयासाठी मासा की फिश ऑइलची गोळी? आधी रिपोर्ट, मग ताट, मग बाजार, गोळी सगळ्यात शेवटी

अँजिओप्लास्टी होऊन माणूस घरी आला की आठवड्याभरात घरात दोन गोष्टी हमखास येतात. भेटायला आलेल्या पाहुण्यांनी आणलेली फिश ऑइलच्या गोळ्यांची मोठी बाटली, आणि 'हृदयाला चांगला असतो' म्हणून रविवारी तळलेला बांगडा. तोही मटणाशेजारी, एकाच ताटात.

आमच्याकडे अण्णांच्या वेळी दोन्ही आलं. बाटली देणाऱ्या दुकानदारानं पाहुण्यांना सांगितलं होतं की ही घेतली की कोलेस्टेरॉलची गोळी लागत नाही. अण्णांनी कुणाला न सांगता स्टॅटिन, म्हणजे तीच कोलेस्टेरॉलची गोळी, बंद केली. तीन महिन्यांनी रिपोर्ट हातात आला तेव्हा एलडीएल चढलेलं होतं आणि डॉक्टरांसमोर आम्ही सगळे गप्प बसलो होतो.

तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या कितीतरी घरांत हाच प्रकार पाहिला. चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. गोळी आधी येते आणि रिपोर्ट शेवटी बघितला जातो. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं घ्या.

## टप्पा १: रिपोर्ट समोर ठेवा

लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या, कागदावर दोन आकडे शोधा: एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एका प्रकारची चरबी).

फिश ऑइलचा खरा परिणाम ट्रायग्लिसराइडवर होतो. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो, ते या गोळीनं उतरत नाही. उलट ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या माणसानं डीएचए (माशाच्या तेलातला एक ओमेगा-३ घटक) असलेलं फिश ऑइल मोठ्या मात्रेत घेतलं तर एलडीएल थोडं वर जाऊ शकतं. 'कोलेस्टेरॉलसाठी ओमेगा' हे वाक्य जिथं ऐकाल तिथं हे आठवा.

ट्रायग्लिसराइडचे आकडे असे वाचा. १५० च्या खाली ठीक. १५० ते १९९ काठावर. २०० ते ४९९ जास्त. ५०० किंवा त्यावर फार जास्त, कारण तिथून पुढं स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो.

रक्त ९ ते १२ तास उपाशीपोटी दिलं होतं का, तेही आठवून बघा. आदल्या रात्री जेवणावळ आणि वर दोन पेग झाले असतील तर सकाळचा ट्रायग्लिसराइडचा आकडा फुगलेला येतो. अशा रिपोर्टवरून काहीही ठरवू नका, तपासणी पुन्हा करा. साखर आणि थायरॉइड बिघडलेलं असेल तरी हा आकडा चढतो, तेव्हा ते दोन रिपोर्टही सोबत ठेवा.

आता एका कागदावर चार गोष्टी लिहून काढा:
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन)
- छातीत अनियमित धडधड कधी झाली आहे का?
- मासळीची ॲलर्जी आहे का?
- येत्या काळात एखादं ऑपरेशन ठरलं आहे का?

हा कागद टप्पा ७ ला लागणार आहे, टाकू नका.

थांबा: ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर बाजारातही जाऊ नका आणि औषधाच्या दुकानातही. आधी डॉक्टर.

## टप्पा २: आपण कशासाठी हे करतोय ते ठरवा

ज्याला हृदयविकार आधीच झाला आहे आणि जो ठणठणीत आहे, या दोघांना माशाचा फायदा सारखा नाही. २०२१ मध्ये ५८ देशांतल्या सुमारे १,९१,००० लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, त्यात भारतातलेही लोक होते. हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांत, आठवड्याला किमान १७५ ग्रॅम मासा खाणाऱ्यांना पुढचा झटका आणि मृत्यू यांचा धोका कमी दिसला. ज्यांना आजार नव्हता त्यांच्यात असा ठळक फरक दिसला नाही. हे निरीक्षण होतं, औषधासारखी चाचणी नव्हती. पण आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: आठवड्याला १७५ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन वेळचा मासा. अमेरिकन हार्ट असोसिएशनही आठवड्यातून दोनदाच सांगते, आणि शक्यतो तेलकट मासा.

अण्णांसारखा माणूस घरात असेल तर हे नेमानं करा. घरात कुणालाच आजार नसेल तर मासा खा, चांगलाच आहे, पण त्याच्याकडून औषधाची अपेक्षा धरू नका.

## टप्पा ३: मासा आणण्याआधी ताटातून काय काढणार ते ठरवा

कोल्हापुरात हा टप्पा सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. आपल्याकडं बुधवार-रविवार मटणाचा. मासा आणला तर तो 'जादा' म्हणून येतो, मटण तिथंच राहतं. माशाचा निम्मा फायदा तो कशाच्या जागी येतो यात आहे. मटणातली घट्ट चरबी, रश्श्यावरचा तवंग, पांढऱ्या रश्श्यातलं खोबरं हे कमी होऊन त्या जागी मासा आला तर ताट बदललं. नाहीतर नुसतं वाढलं.

आम्ही बुधवार सोडला. रविवार सोडायचा म्हटलं असतं तर घरात कुणी ऐकलं नसतं, आणि न पाळता येणारा नियम करून उपयोग नाही. बुधवारी मटणाऐवजी मासा, आणि दुसरी वेळ शुक्रवारी. तुमच्याकडं मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा पाळत असाल तर दुसरा वार बघा. वार कोणताही चालतो, ठरलेला असला म्हणजे झालं.

तपासा: कोणत्या वारचं मटण जाणार, हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर पुढं जाऊ नका.

## टप्पा ४: मासा निवडा

महाग मासा म्हणजे हृदयाला चांगला, हा समज सोडा. हृदयाला लागणारे ईपीए आणि डीएचए हे दोन ओमेगा-३ माशाच्या तेलात असतात, म्हणून मासा तेलकट हवा. बांगडा आणि तारली या बाबतीत पुढं आहेत, आणि दोन्ही स्वस्तातले. पापलेट, सुरमई खायला चांगली, पण 'ओमेगासाठी' म्हणून चौपट पैसे घालण्याची गरज नाही. कोळंबीत ओमेगा कमी. रोहू, कटला, मरळ या गोड्या पाण्यातल्या माशांत तेल कमी असतं, तरी मटणाच्या जागी आले तर ताट हलकं होतंच. पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय, तेव्हा नदीतला मासा कुठून धरलाय ते विचारून घ्या.

गरोदर बाई आणि लहान मुलं असतील तर मुशी टाळा. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. लहान बांगडा-तारलीत तो कमी असतो.

सुकट, सुका बोंबील, खारा बांगडा हे या हिशेबात धरू नका. बीपीच्या माणसाला त्यातलं मीठ महागात पडतं. दिवसभराचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि खारवलेल्या माशाच्या चार तुकड्यांत त्यातला बराच वाटा संपतो.

किती आणायचा? साफ केल्यावर अख्ख्या बांगड्याचं साधारण निम्म्याहून थोडं जास्त मांस उरतं. माणशी, एका वेळेला, अख्खा मासा २०० ग्रॅम धरा.

## टप्पा ५: बाजारातून घरापर्यंत

इथं थोडं सावकाश वाचा. आपण समुद्रापासून लांब आहोत. रत्नागिरीचा मासा आंबा घाट चढून साधारण १३० किलोमीटर येतो, मालवण-वेंगुर्ल्याचा तर आणखी लांबून. एवढ्या वाटेत बर्फ सुटला तर बांगडा-तारलीत एक वेगळंच विष तयार होतं.

या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा ऊबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, धडधडतं, उलट्या-जुलाब होतात. माझ्या नणंदेला एकदा संध्याकाळी उरलेला बांगडा स्वस्तात मिळाला म्हणून आणला आणि हे सगळं झालं. घरच्यांनी ठरवून टाकलं, हिला मासळीची ॲलर्जी आहे. चार वर्षं तिनं मासा खाल्ला नाही. पुढं डॉक्टरांनी नीट विचारपूस केली तेव्हा कळलं की त्याच रात्री तो बांगडा खाल्लेल्या तिघांनाही थोडंथोडं झालं होतं. ॲलर्जी एकाला होते. एकाच ताटातल्या सगळ्यांना झालं तर आधी माशाकडं बघा.

म्हणून बाजारात सकाळी जा आणि पहिला प्रश्न बर्फाचा विचारा. मी विचारते, "मावशी, बर्फ कवापास्नं हाय?" "पहाटं गाडी आली तवापास्नं हाय की." मग टोपलीत हात घालून बघते. मासा वरून गार आणि खालून कोमट लागला तर उठते.

मग हे बघा:
- कल्ले उघडून बघा. लालभडक हवेत. तपकिरी किंवा चिकट असतील तर नको.
- डोळे फुगीर आणि पारदर्शक हवेत, खोल गेलेले किंवा दुधाळ नकोत.
- बोटानं दाबा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे.
- वास समुद्राचा चालेल, नाक मुरडायला लावणारा नको.

पण या चारही परीक्षांत पास झालेल्या माशातही हिस्टामिन असू शकतं, कारण त्याला वास नसतो. म्हणून बर्फाचा प्रश्न पहिला.

घरून जाताना डबा आणि बर्फ घेऊन जा. मासा जितका, तितकाच बर्फ. स्कूटरच्या डिकीत, उन्हात, प्लॅस्टिकच्या पिशवीत तासभर ठेवलेला ताजा मासा ताजा राहत नाही. वाटेत भाजी घ्यायची असेल तर ती आधी घ्या, मासळी शेवटी.

घरी आल्यावर लगेच पोट साफ करून धुवा आणि फ्रीजमध्ये घाला. कच्चा मासा फ्रीजमध्ये एक, फार तर दोन दिवस. फ्रीजरमध्ये तेलकट मासा दोन-तीन महिने चांगला राहतो, पुढं त्याचं तेल खवट होतं. फ्रीजरमधला मासा ओट्यावर ठेवून वितळवू नका. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा.

इशारा: पहिल्या घासाला जिभेवर मिरमिरल्यासारखं, मिरी चावल्यासारखं लागलं तर घास थुंका आणि पातेलं टाकून द्या. पैशाकडं बघू नका. हृदयाच्या पेशंटला श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना.

## टप्पा ६: शिजवा

कालवण पहिलं, तव्यावर परतलेला दुसरा, कढईत तळलेला नाही. तळताना माशाचं तेल कढईत जातं आणि कढईतलं तेल माशात येतं. रव्याचा थर तर तेल पिऊनच बसतो. आणि तेच तेल दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वापरलं तर आणखी वाईट.

चार मध्यम बांगड्यांचं कालवण आमच्याकडं असं होतं. तुकड्यांना हळद आणि पाव चमचा मीठ लावून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. दोन चमचे तेलात लसूण ठेचून घालायचा, मग कांदा-लसूण चटणी. आपल्या चटणीत मीठ आधीच असतं, म्हणून वरून मीठ चव घेतल्याशिवाय घालू नका. दोन टेबलस्पून ओल्या खोबऱ्याचं वाटण पुरतं. वाटीभर घालायची सवय पांढऱ्या रश्श्यातून आली आहे. पाणी घालून उकळी आली की पाच-सहा आमसुलं आणि मासे सोडायचे. मंद आचेवर सात-आठ मिनिटं, डाव न फिरवता, पातेलं धरून हलवायचं. मांस काट्यापासून सुटलं की झालं. माशातलं तेल रश्श्यात उतरतं, म्हणून रस्सा टाकू नका, भाकरीबरोबर खा.

भात डोंगराएवढा घेऊ नका. ट्रायग्लिसराइड वाढलेल्याला भात, साखर आणि दारू ही तिन्ही नडतात, आणि मासा म्हटला की भाताचा हात सैल सुटतो हे मी घरी रोज बघते.

पावसाळ्यात काय? आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, पाठोपाठ श्रावण येतो. या काळात 'आजचा ताजा' म्हणून मिळणारा बांगडा बहुधा साठवणीतला किंवा दुसऱ्या किनाऱ्याचा असतो. नीट गोठवलेला मासा वाईट नसतो, पण एकदा वितळलेला पुन्हा गोठवलेला वाईट. पाकिटात बर्फाचे मोठे खडे जमले असतील तर घेऊ नका. श्रावण पाळत असाल तर महिनाभर मासा नाही, एवढंच. त्यासाठी गोळी सुरू करायची गरज नसते.

## टप्पा ७: आता गोळीचं बघू

इथपर्यंत आल्यावर बऱ्याच जणांचा गोळीचा प्रश्न सुटलेला असतो. तरी बाटली घरात आहेच, तर ती हातात घ्या आणि मागची बाजू वाचा.

पुढं मोठ्या अक्षरात '१००० मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं. ते तेलाचं वजन आहे. मागं बारीक अक्षरात ईपीए आणि डीएचए शोधा. नेहमीच्या गोळीत ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे मिळून ३०० मिलिग्रॅम. बाकीचे ७०० मिलिग्रॅम साधं तेल.

आता चाचण्यांचं बघा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत सुमारे २५,९०० लोकांना रोज ८४० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए किंवा नकली (तुलनेसाठी, औषध नसलेली) गोळी दिली. झटका, पक्षाघात, हृदयविकाराचा मृत्यू असा एकत्र हिशेब केला तेव्हा ठोस फरक पडला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या 'ॲसेंड' चाचणीत मधुमेह असलेल्या १५,४८० जणांतही फायदा दिसला नाही. मधुमेह आहे म्हणून आपण होऊन गोळी घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

फायदा दिसला तो २०१८ च्याच 'रिड्यूस-इट' चाचणीत, सुमारे २५ टक्क्यांचा. पण तिथं दुकानातली गोळी नव्हती. शुद्ध केलेलं ईपीए, रोज ४ ग्रॅम, औषध म्हणून, आणि तेही स्टॅटिन चालू असूनही ट्रायग्लिसराइड जास्त राहिलेल्या लोकांना. त्या चाचणीत नकली गोळीत वापरलेल्या खनिज तेलावरून तज्ज्ञांत अजून वाद आहे. २०२० मध्ये ईपीए-डीएचए मिश्रणाचे रोज ४ ग्रॅम देणारी 'स्ट्रेंग्थ' चाचणी फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली.

काहीजण हे वाचून म्हणतात, मग मीही ४ ग्रॅम घेतो. हिशेब करा: ३०० मिलिग्रॅमची गोळी, ४ ग्रॅमला रोज तेरा-चौदा गोळ्या. हे स्वतःहून कधीही करू नका. २०२१ मध्ये सात चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ओमेगा-३ च्या गोळ्या घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. रोज १ ग्रॅम किंवा कमी घेणाऱ्यांत सुमारे १२ टक्क्यांनी जास्त, १ ग्रॅमच्या वर सुमारे ४९ टक्क्यांनी जास्त. हृदयासाठी घेतलेल्या गोळीनं हृदयाचाच ताल बिघडावा, आणि ते कुणी सांगितलेलंही नसावं, हे मला फार खुपतं. टप्पा १ च्या कागदावर धडधडीपुढं 'हो' लिहिलं असेल तर तो कागद आता काढा.

डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइडसाठी लिहून दिली असेल तर मात्र जरूर घ्या, आणि अशी घ्या:

१. जेवणाबरोबर. उपाशीपोटी घेतली की माशाचे ढेकर येतात आणि नीट शोषलीही जात नाही.
२. नव्या बाटलीतली एक गोळी कापून वास घ्या. जुन्या खवट तेलासारखा किंवा रंगासारखा वास आला तर बाटली परत करा. लिंबाच्या चवीच्या गोळ्यांत हा वास लपतो.
३. बाटली गॅसजवळ किंवा खिडकीत ठेवू नका. गार, अंधाऱ्या जागी ठेवा.
४. कॉड लिव्हर ऑइल वेगळं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं. ओमेगा वाढवायला त्याचे चमचे वाढवले तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. गरोदरपणात तर नकोच.
५. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर, दोघांनाही सांगा.

इशारा: स्टॅटिन, बीपीची गोळी, ॲस्पिरिन यांतली एकही फिश ऑइलच्या भरवशावर बंद करायची नाही. घरातल्या एकानं औषधाच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या दर रविवारी मोजाव्यात. आम्ही अण्णांच्या मोजतो, त्यांना आवडत नाही तरी.

माळकरी, जैन, लिंगायत आणि इतर शाकाहारी घरांतून नेहमी विचारतात, आमचं काय? जवस आहे. एक टेबलस्पून दळलेल्या जवसात साधारण दीड ग्रॅम एएलए असतं, हा ओमेगा-३ चा वनस्पतींतला प्रकार. शरीरात त्याचं ईपीए फार थोडं होतं आणि डीएचए त्याहून कमी, म्हणून तो माशाची बरोबरी करत नाही, पण चटणी म्हणून रोज खायला उत्तम. अख्खा जवस तसाच बाहेर पडतो, भाजून कुटा. ईपीए-डीएचएच हवं असेल तर शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या गोळ्या मिळतात. मासा ते तेल मुळात शेवाळातूनच मिळवतो. गोळीचं वरचं कवच मात्र जिलेटिनचं असतं का, ते वाचून घ्या. जिलेटिन प्राण्यांपासून करतात.

## टप्पा ८: तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी

तीन महिने आठवड्यातून दोनदा मासा झाला की लिपिड प्रोफाइल पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये, ९ ते १२ तास उपाशी. कॅलेंडरवर मासा झाला त्या दिवसावर टिंब देत चला, म्हणजे 'खातो की नेहमी' असं उत्तर द्यावं लागत नाही. आमच्या पहिल्या तीन महिन्यांत सव्वीसपैकी सतराच टिंबं पडली होती.

फक्त मासा वाढवून आकडे धाडकन उतरतील असं समजू नका. ताटातून काय गेलं, चालणं किती झालं, स्टॅटिन चुकली का, हे सगळं त्या कागदावर उतरतं. ट्रायग्लिसराइड अजून २०० च्या वर असेल तर डॉक्टरांना थेट विचारा: "मला औषधाच्या मात्रेतलं ओमेगा-३ लागेल का, की आधी साखर आणि दारूचं बघू?"

जाताना सोबत न्या: दोन्ही रिपोर्ट, टप्पा १ चा कागद, टिंबांचं कॅलेंडर, आणि गोळी चालू असेल तर तिची बाटली. नुसतं 'ती पिवळी ओमेगाची' असं सांगून भागत नाही. मागचं लेबल डॉक्टरांना वाचू द्या.